अबकारी अधिकाऱ्याचा ताळेबंद

निवडणूक लोकसभेची असो वा विधानसभेची, मतदारांच्या बँक खात्यात थेट पैसे जमा करण्याचे आश्वासन अलीकडे क्वचितच एखाद्या मोठ्या पक्षाच्या जाहीरनाम्यातून सुटते. सत्तेतील पक्ष त्याला कल्याणकारी योजना म्हणतो, विरोधी पक्ष रेवडी म्हणतो आणि बाके बदलली की विशेषणांचीही अदलाबदल होते. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात या विषयाला सैद्धांतिक बैठक देण्याचा प्रयत्न झाला. तत्कालीन मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाला एक संपूर्ण प्रकरण दिले आणि ७५ टक्के लोकसंख्येला माणशी वार्षिक ७,६२० रुपये द्यायचे झाल्यास सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.९ टक्के खर्च येईल, असा हिशेब मांडला. हिशेब मांडला गेला, त्यावर चर्चाही झडली. परंतु पैसा आणायचा कोठून आणि द्यायचा कोणत्या नात्याने, या दोन प्रश्नांपाशी येऊन ती थबकली.

या दोन्ही प्रश्नांचे एकत्रित उत्तर सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज गृहस्थाने दिले होते. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाचा प्रचारक, फ्रेंच राज्यक्रांतीचा सहभागी साक्षीदार आणि महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांना वळण देणाऱ्या ग्रंथाचा लेखक म्हणून थॉमस पेन हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. मात्र हा पेन मुळात करखात्यातील एक कनिष्ठ नोकर होता, त्या नोकरीतून दोनदा बडतर्फ झाला होता आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने जमिनीच्या खंडावर आधारलेली, गरीब-श्रीमंत अशा प्रत्येक नागरिकाला रोख रक्कम देणारी योजना आकड्यांनिशी तयार केली होती, हा भाग सहसा झाकलेलाच राहतो. राजधानीत सरकारी फायलींच्या सहवासात दिवस घालवणाऱ्यांना तरी तो ठाऊक असायला हवा.

कनिष्ठ नोकराची कैफियत

पेनचा जन्म १७३७ साली इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील थेटफर्ड या लहानशा गावी झाला. वडील क्वेकर पंथाचे, स्त्रियांच्या कॉर्सेट शिवणारे कारागीर. आई अँग्लिकन, एका वकिलाची मुलगी. गावातून पार्लमेंटवर कोणी जायचे, हे मूठभर मतदार आणि त्यांच्या पाठीशी उभा असलेला ग्राफ्टनचा ड्यूक ठरवीत असे. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्या हाताखाली कामाला लागला. पुढे काही काळ तो खासगी लढाऊ जहाजावर होता. केंट परगण्यातील सँडविच येथे त्याने स्वतःचे दुकान थाटले, १७५९ मध्ये लग्न केले. पण धंदा बुडाला आणि वर्षभरातच पत्नी बाळंतपणात गेली, मूलही गेले. हाताला काम नसलेल्या या तरुणाने १७६२ मध्ये अबकारी खात्याची नोकरी धरली.

त्या काळची इंग्रजी अबकारी मद्यापुरती मर्यादित नव्हती. बिअर, चहा, कॉफी, साबण, मेणबत्त्या अशा रोजच्या वापरातील जिनसांवर हा कर बसे. पिंपे मोजायची, वजने तपासायची, नोंदवह्या ठेवायच्या आणि चोरट्या मालाचा माग काढायचा, हे अधिकाऱ्याचे काम. व्यापारी आणि गिऱ्हाईक दोघांनाही तो नकोसा असे. १७६५ साली माल प्रत्यक्ष न पाहताच तो तपासल्याची नोंद केल्याच्या ठपक्यावरून पेन बडतर्फ झाला. नंतर रीतसर अर्ज करून त्याने खात्यात पुन्हा प्रवेश मिळवला; मधल्या काळात लंडनमध्ये शिक्षकाची नोकरी करून पोट भरले. १७६८ मध्ये ससेक्समधील लुइस या गावी त्याची नेमणूक झाली. तेथे तो एका तंबाखूविक्रेत्याच्या घरी राहिला आणि १७७१ मध्ये त्याच घरातील मुलीशी त्याने दुसरे लग्न केले.

पेनचे पहिले महत्त्वाचे लेखन लुइसमधले. १७७२ मध्ये अबकारी अधिकाऱ्यांच्या वतीने त्याने पगारवाढीची कैफियत लिहिली. वर्षाचा पगार ५० पौंड. त्यातून वर्गण्या-कपाती आणि स्वतःच्या घोड्याचा खर्च गेला की हाती जेमतेम ३२ पौंड उरत. एवढ्यावर संसार करणाऱ्या माणसाच्या हाती राज्याचा महसूल सोपवायचा आणि त्याने लाच घेऊ नये अशी अपेक्षा करायची, यातील विसंगती त्याने पार्लमेंटपुढे ठेवली. भ्रष्टाचार हा स्वभावदोष म्हणून पाहण्याऐवजी परिस्थितीचा परिणाम म्हणून पाहावा, असा त्याचा आग्रह होता. आणखी एक मुद्दा त्याने मांडला तो विशेष आहे. गावात राहणाऱ्या मजुरालाही अडीअडचणीला नातलग, शेजारी, ओळखीचे दुकानदार असतात. अबकारी अधिकाऱ्याची मात्र सतत बदली होते. नव्या ठिकाणी तो परका असतो आणि त्याचे आप्त दूर राहिलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच पगारातील त्याचे दारिद्र्य मजुराच्या दारिद्र्यापेक्षा अधिक बोचरे ठरते. मुलुख सोडून दिल्लीत आलेल्या मराठी नोकरदाराला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

सहकाऱ्यांनी वर्गणी काढली, कैफियतीच्या ४,००० प्रती छापल्या गेल्या आणि पेनने लंडनमध्ये हिवाळाभर मुक्काम ठोकून त्या पार्लमेंटच्या सदस्यांना वाटल्या. पार्लमेंट ढिम्म हलले नाही. १७७४ च्या एप्रिलमध्ये परवानगीविना कामावर गैरहजर राहिल्याबद्दल खात्याने त्याला दुसऱ्यांदा बडतर्फ केले. तंबाखूचे दुकानही बुडाले, कर्ज फेडण्यासाठी घरातील सामानाचा लिलाव झाला आणि त्याच वर्षी पती-पत्नी विभक्त झाले. सदतिसाव्या वर्षी पेनजवळ ना धंदा होता, ना नोकरी, ना घर. मात्र राज्याचा खजिना कोणाच्या खिशातून भरतो आणि कोणत्या बाजूने रिकामा होतो, याची माहिती त्याने बारा वर्षांत आतून मिळवली होती.

बंगालपासून बोस्टनपर्यंत

लंडनमधील मुक्कामात त्याची बेंजामिन फ्रँकलिन यांच्याशी ओळख झाली होती. त्यांची शिफारसपत्रे घेऊन १७७४ च्या अखेरीस तो फिलाडेल्फियाला उतरला तो तापाने फणफणलेल्या अवस्थेत. पुढच्या वर्षी तो एका मासिकाचा संपादक झाला. त्या मासिकाच्या मार्च १७७५ च्या अंकात त्याने रॉबर्ट क्लाइव्हच्या जीवन-मरणावर लेख लिहिला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. क्लाइव्हचा मृत्यू आदल्याच नोव्हेंबरात झाला होता. लुटीच्या संपत्तीने वैभवाला चढलेला आणि त्याच संपत्तीच्या ओझ्याखाली मनःशांती हरवलेला क्लाइव्ह या लेखात दिसतो. १७६५ मध्ये कंपनीने मिळवलेली बंगालची दिवाणी म्हणजे अखेर जमीन महसूल वसूल करण्याचा अधिकारच होता आणि त्यानंतर पाचच वर्षांत बंगाल भीषण दुष्काळात सापडला. अमेरिकेच्या बाजूने लेखणी उचलण्यापूर्वी पेनच्या नजरेसमोर हिंदुस्थान होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१० जानेवारी १७७६ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'कॉमन सेन्स' या पुस्तिकेने त्याचे नाव अमेरिकेत घरोघरी पोहोचवले. खपाच्या नेमक्या आकड्यावर इतिहासकारांचे एकमत नाही. परंतु राजाशी तडजोड करण्याची भाषा त्या पुस्तिकेनंतर मागे पडली आणि स्वातंत्र्याची मागणी पुढे आली, याविषयी दुमत नाही. पुस्तिकेतील आपला वाटा त्याने सैन्यासाठी देऊ केला. युद्धाच्या कठीण दिवसांत त्याने लिहिलेली पत्रके सैनिकांना वाचून दाखवली जात. युद्ध संपल्यावर न्यूयॉर्क राज्याने त्याला न्यू रोशेल येथे एका राजनिष्ठाकडून जप्त केलेली शेतजमीन दिली. पुढे जमीनदारीच्या मुळाशी हात घालणारा हा लेखक अशा रीतीने स्वतःही जमीनमालक झाला होता.

गरिबांच्या अंदाजपत्रकापर्यंत

लोखंडी पुलाचा एक आराखडा घेऊन पेन १७८७ मध्ये युरोपात परतला आणि दोनच वर्षांत फ्रान्समध्ये क्रांती झाली. वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारे एडमंड बर्क यांनी या क्रांतीवर कडाडून टीका केली. त्यांना उत्तर म्हणून पेनने 'राइट्स ऑफ मॅन' लिहिले. पहिला भाग १७९१ मध्ये आला, दुसरा फेब्रुवारी १७९२ मध्ये. पहिल्या भागाने वाद पेटवला. सरकारला खरी धास्ती वाटली ती दुसऱ्याची. कारण त्यातील पाचवे प्रकरण म्हणजे जवळपास पर्यायी अंदाजपत्रक होते.

इंग्लंडच्या महसुलाचा मोठा भाग गरिबांच्या खाण्यापिण्याच्या जिनसांवरील करांतून येतो आणि युद्धे, कर्जावरील व्याज व दरबारी नेमणुका यांवर खर्च होतो, हे त्याने आकड्यांनी दाखवले. लष्करी खर्च कमी करून उरणाऱ्या रकमेतून काय करता येईल, याची यादी दिली. गरीब कुटुंबातील चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड आणि त्या बदल्यात मुलाला शाळेत घालण्याची अट. पन्नाशी उलटलेल्या गरजूला वर्षाला ६ पौंड, साठीनंतर १० पौंड. मूल जन्मल्यावर आणि लग्न झाल्यावर मदत. कामाच्या शोधात परगावी मरण पावलेल्यांच्या अंत्यविधीचा खर्च. मोठ्या जमीनदारांच्या उत्पन्नावर चढत्या दराचा कर त्याने सुचवला होता. वार्षिक उत्पन्न २३,००० पौंडांच्या घरात पोहोचले की त्यापुढच्या पौंडातील वीसच्या वीस शिलिंग सरकारजमा व्हायचे होते. थोरल्या मुलालाच सारी इस्टेट देण्याची प्रथा मोडावी आणि जमिनी आपोआप वाटल्या जाव्यात, हा त्यामागचा हेतू.

म्हातारपणचे हे वेतन भिक्षा म्हणून द्यायचे नाही, याबद्दल पेन आताच ठाम होता. माणूस जन्मभर वस्तूंवर कर भरत आलेला असतो, त्या कराचा काही भाग वृद्धापकाळी परत मिळतो, अशी त्याची मांडणी होती. परंतु लाभार्थी अजून गरीबच होते. गरीब कोण, हे ठरवणारी यंत्रणा गृहीत होती. ही मर्यादा त्याने पुढे पाच वर्षांनी ओलांडली.

स्वस्त आवृत्तीमुळे पुस्तक कारागिरांच्या हाती गेले तसे सरकार बिथरले. राजद्रोही लेखनाविरुद्ध जाहीरनामा निघाला. खटला उभा राहण्यापूर्वी, सप्टेंबर १७९२ मध्ये पेन फ्रान्सला निघून गेला आणि डिसेंबरमध्ये त्याच्या गैरहजेरीतच त्याला दोषी ठरवण्यात आले. मायदेशाचे दरवाजे कायमचे बंद झाले.

तुरुंगातून आलेली योजना

फ्रान्सने त्याला राष्ट्रीय परिषदेवर निवडून दिले. त्याला फ्रेंच धड बोलता येत नव्हते. त्याची भाषणे दुसरा कोणी वाचून दाखवी. राजेशाहीचा हा कडवा विरोधक सोळाव्या लुईच्या देहदंडाच्या मात्र विरोधात उभा राहिला. राजाला अमेरिकेत हद्दपार करावे, असे त्याने सुचवले. जहालांनी हे विसरायचे नाकारले. डिसेंबर १७९३ मध्ये त्याला अटक झाली आणि दहा महिने तो लक्झेंबर्ग तुरुंगात होता. गिलोटिनपासून तो थोडक्यात बचावला. अमेरिकेचे पॅरिसमधील प्रतिनिधी जेम्स मन्रो यांनी प्रयत्न केल्यावर नोव्हेंबर १७९४ मध्ये त्याची सुटका झाली, तेव्हा प्रकृती पार खालावलेली होती.

बाहेर आल्यावर त्याने पाहिले ते क्रांतीचे उलटे फिरलेले चाक. १७९५ च्या राज्यघटनेने मताधिकार प्रत्यक्ष कर भरणाऱ्यांपुरता आक्रसून टाकला. पेनने परिषदेत त्याला विरोध केला, पण कोणी ऐकले नाही. दुसरीकडे बाबफ आणि त्याचे साथीदार सगळी मालमत्ता समान वाटण्याचा कट रचत होते. याच सुमारास इंग्लंडमधील लँडाफच्या बिशपने श्रीमंत आणि गरीब हे दोन्ही ईश्वरानेच निर्माण केल्याचे प्रवचन छापले होते. या तिहेरी पार्श्वभूमीवर १७९५-९६ च्या हिवाळ्यात पेनने 'ॲग्रेरियन जस्टिस' ही छोटी पुस्तिका लिहिली. ती १७९७ मध्ये प्रसिद्ध झाली.

युक्तिवाद साधा आहे. जमीन कोणी निर्माण केलेली नाही. नांगरट होण्यापूर्वी ती साऱ्यांची सामाईक होती. मशागतीने तिचे मूल्य कितीतरी पटीने वाढले आणि ती वाढ मशागत करणाऱ्याची आहे, यात शंका नाही. परंतु सुधारणा जमिनीपासून वेगळी काढता येत नसल्यामुळे सुधारणेच्या मालकीबरोबर जमिनीचीही मालकी पदरात पडली आणि बाकीच्यांचा नैसर्गिक वारसा मोबदल्याविना गेला. म्हणून प्रत्येक जमीनमालक समाजाला खंड देणे लागतो. पेनने जमिनी काढून घेण्याचा मार्ग स्वीकारला नाही. मालकी राहू द्यावी, खंड तेवढा वसूल व्हावा, एवढेच त्याचे म्हणणे होते.

वसुलीच्या पद्धतीत जुना करअधिकारी दिसतो. दरवर्षी दारात जाऊन मोजणी करण्याऐवजी मालमत्ता एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते त्या क्षणी तिचा दहावा हिस्सा घ्यावा, असे त्याने सुचवले. देणारा हयात नसतो, घेणाऱ्याने ती मालमत्ता अजून उपभोगलेली नसते आणि कागदपत्रे तशीही तयार होतात. त्यामुळे वसुली सोपी आणि बोच कमी. वारस दूरचा असेल तर हिस्सा वाढवायचा. इंग्लंडच्या १३० कोटी पौंडांच्या अंदाजित मालमत्तेवरून त्याने या निधीचे वार्षिक उत्पन्न ५६,६६,६६६ पौंड काढले. त्यातून प्रत्येक स्त्री-पुरुषाला एकविसाव्या वर्षी एकदाच १५ पौंड आणि पन्नाशीनंतर हयातभर दरवर्षी १० पौंड द्यायचे. अंध आणि अपंगांनाही वार्षिक रक्कम. १५ पौंडांत एक गाय आणि थोडी जमीन कसण्यापुरती अवजारे घेता येतात, असा त्याचा व्यवहारी हिशेब होता.

ही रक्कम श्रीमंतालाही मिळणार होती. ज्याला नको त्याने ती निधीत परत टाकावी. १७९२ च्या अंदाजपत्रकापासून पेन केवढा पुढे आला होता, हे येथे स्पष्ट होते. मदत म्हटली की गरज सिद्ध करावी लागते. थकलेला खंड म्हटले की फक्त हिस्सेदार असणे पुरते. वसुली आणि वाटप ही एकाच ताळेबंदाची जमा आणि नावे अशी दोन अंगे झाली. डाव्या टोकाकडून लगेच टीकाही आली. थॉमस स्पेन्स याने त्याच वर्षी उलट पुस्तिका लिहून पेनने जमीनदारांना दहाव्या हिश्श्यावर सोडून दिल्याचा आक्षेप घेतला. साऱ्या जमिनी गावपंचायतींच्या ताब्यात घेऊन त्यांचा खंड दर तिमाहीस सर्वांना सारखा वाटावा, असे त्याचे म्हणणे होते. फ्रान्सच्या डिरेक्टरीने मात्र पेन आणि स्पेन्स दोघांकडेही लक्ष दिले नाही.

पेन १८०२ मध्ये अमेरिकेला परतला तो उपेक्षेच्या गर्तेत. 'एज ऑफ रीझन' या ग्रंथातून त्याने संघटित धर्मावर केलेल्या टीकेमुळे जुने चाहते दूर झाले होते. १८०६ मध्ये न्यू रोशेल येथे त्याला मतदानही नाकारण्यात आले. ८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा अंत्ययात्रेला अवघी पाच-सहा माणसे होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट याने त्याची हाडे उकरून इंग्लंडला नेली. स्मारक तर झाले नाहीच, हाडेही गहाळ झाली.

पुण्याच्या वाटेवर

पेनची पुस्तके मात्र जहाजांतून मुंबईला पोहोचत राहिली. १८४७ च्या सुमारास पुण्यात विशीतील जोतीराव आणि त्यांच्या मित्रांनी 'राइट्स ऑफ मॅन' वाचले. जन्माने कोणी उच्च वा नीच नसतो, हा त्यातील गाभा त्यांनी उचलला आणि आपल्या समाजाला लावून पाहिला. हा संबंध सर्वज्ञात आहे. त्याच दख्खनच्या भूमीत जमिनीच्या खंडाचा सिद्धांत आधीच एकदा आजमावला गेला होता, हे तितकेसे ज्ञात नाही.

१८२० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याने रिकार्डोचा खंडसिद्धांत समोर ठेवून पुणे भागातील जमिनींची पाहणी केली. पिकाच्या उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सारा म्हणून घ्यायचे, असे ठरले. कागदावर हे शास्त्रशुद्ध होते. प्रत्यक्षात मोजणी सदोष निघाली, सारा डोईजड झाला आणि शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. अखेर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी करून सौम्य दर तीस वर्षांसाठी बांधून दिले. मुंबई इलाख्याच्या रयतवारीचा पाया तो. मुदत संपताच फेरआकारणीत दर पुन्हा चढले आणि १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या पेटल्या, त्यामागच्या कारणांत हेही एक होते.

इंग्रज सरकारने जमिनीचा खंड समाजाच्या नावाने घेतला, पण समाजाला परत दिला नाही. जोतीरावांनी नेमके येथेच बोट ठेवले. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये हीच तक्रार नोकरशाहीच्या पगार-पेन्शनांपर्यंत आणि लोकल फंडापर्यंत पोहोचते. त्यांनी पेनची १७९७ ची पुस्तिका वाचली असो वा नसो, ताळेबंदाची जमा बाजू चोख आणि नावे बाजू कोरी, हे त्यांनी ओळखले होते.

दोन अर्धे हिशेब

स्वतंत्र भारतात परिस्थिती नेमकी उलटली. आता नावे बाजूवर नोंदींची गर्दी आहे. २०१८ मध्ये तेलंगणाने रयतू बंधू योजनेत एकरी प्रतिहंगाम ४,००० रुपये दिले. २०१९ पासून केंद्राची पीएम-किसान योजना शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये देते. २०२४ मध्ये महाराष्ट्राने लाडकी बहीण योजनेतून महिना १,५०० रुपये सुरू केले. यांपैकी पहिल्या दोन योजनांचा निकष पेनच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जमीन ज्याच्या नावावर, त्याला पैसे. आणि तेलंगणात तर जितके एकर अधिक, तितकी रक्कम मोठी. खंडाने जमीन कसणारा आणि भूमिहीन मजूर दोघेही बाहेर. पेनने जमीन गमावलेल्याला मोबदला देऊ केला होता. आपण जमीन असलेल्याला देतो.

जमा बाजू मात्र एकेक करून पुसली गेली. पेनच्या पद्धतीला सर्वांत जवळचा असा मृत्युकर भारतात १९५३ मध्ये आला तो चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना. वरच्या टप्प्यावर तो पुढे ८५ टक्क्यांपर्यंत गेला, पळवाटा वाढल्या, उत्पन्नाच्या मानाने वसुलीचा खटाटोप मोठा ठरला आणि १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द केला. संपत्ती करही २०१५ च्या अंदाजपत्रकात गेला. २०२४ च्या लोकसभा प्रचारात वारसा कराचा नुसता उल्लेख झाला, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी त्याचे अस्त्र केले आणि काँग्रेसने तो आपला कार्यक्रम नसल्याचा खुलासा घाईने केला.

शेतजमिनीच्या बाबतीत ही भीती समजण्यासारखी आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी धारणा १.०८ हेक्टर आहे. एवढ्या तुकड्यावर खंड लावणे म्हणजे प्रिंगलची चूक गिरवणे. प्रश्न शहरी जमिनीचा आहे. मेट्रोचे स्थानक झाले, उड्डाणपूल आला, शेजारी सरकारी रुग्णालय उभे राहिले की भूखंडाचा भाव वाढतो. त्या वाढीत मालकाचे श्रम नसतात. करदात्यांचा पैसा असतो.

राजधानीतील वाचकांना उदाहरणासाठी लांब जायला नको. नव्या दिल्लीची जमीन सरकारने संपादित करून भाडेपट्ट्याने दिली आणि पुढे १९६१ च्या धोरणानुसार दिल्ली विकास प्राधिकरणानेही तोच मार्ग धरला. या पट्ट्यांत हस्तांतराच्या वेळी जमिनीच्या किमतीतील अनर्जित वाढीचा निम्मा हिस्सा सरकारला देण्याचे कलम असे. महाराष्ट्रातील महसूल अधिकाऱ्यांना वर्ग दोनच्या जमिनींच्या निमित्ताने हाच अनर्जित उत्पन्नाचा शब्द परिचित आहे. म्हणजे तत्त्व आपल्याला परके नव्हते, ते आपल्या दस्तऐवजांत लिहिलेले होते. १९९२ पासून दिल्लीत एकरकमी शुल्क घेऊन निवासी पट्टे मुक्त मालकीचे करून देण्यास सुरुवात झाली आणि त्या त्या भूखंडावरील समाजाचा भावी हिस्सा संपला.

अडचणी खऱ्या आहेत. जमीन महसूल आणि जमीन-इमारतींवरील कर राज्यसूचीत येतात. म्हणजे रोख योजनांची चढाओढ केंद्र आणि राज्ये दोघांत चालते, पण खंडाचे साधन एकट्या राज्याच्या हाती असते आणि राज्ये ते मतदाराला घाबरणाऱ्या नगरपालिकांवर सोडून देतात. घर मोठे पण उत्पन्न तुटपुंजे, अशा वृद्ध विधवेला दरवर्षीचा कर झेपत नाही. पेनने वसुली वारशाच्या वेळेवर ढकलली ती अशाच अडचणी ओळखून. मालकीच्या नोंदी स्वच्छ नसतील तर कोणताही कर लहान माणसाला आधी पकडतो. आणि शहरी जमिनीचा खंड कितीही काटेकोरपणे घेतला तरी सकल उत्पादनाच्या ४.९ टक्क्यांचा भार तो एकटा उचलू शकेल, असे मानणे धाडसाचे ठरेल. तरीही दोन्ही बाजू जोडणारी व्यवस्था अशक्य नाही. अलास्का राज्याने खनिज तेलाच्या उत्पन्नातून १९७६ मध्ये निधी उभारला आणि १९८२ पासून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला त्यातून लाभांश दिला. रक्कम कमी-जास्त होते, तिच्यावरून राजकारणही होते. पण तिला कोणी भीक म्हणत नाही, कारण ती कशाचा हिस्सा आहे हे सर्वांना माहीत असते.

आपल्याकडे रोख मदतीवरून होणारा वाद दाते आणि याचक यांच्या भाषेत अडकला आहे, कारण रक्कम कोठून आली हे तिच्यावर लिहिलेले नसते. सरकार बदलले की ती बंद होईल, ही धास्ती घेणाऱ्याला असते आणि ती बंद झाल्यास मते जातील, ही देणाऱ्याला. लुइसच्या अबकारी अधिकाऱ्याने दोन शतकांपूर्वी घालून दिलेली शिस्त येथे उपयोगी पडावी. कोणत्याही थेट लाभाच्या योजनेची टिपणी मंजुरीसाठी टेबलावर आली की तिच्या नावे बाजूसमोर जमा बाजू कोणती, ती कोणाच्या अनर्जित लाभातून येते आणि घेणाऱ्याचा तिच्यावर हक्क कोणत्या आधारे ठरतो, या तीन रकाने भरल्याशिवाय फाईल पुढे सरकू नये. हे रकाने कोरे राहणार असतील, तर पाच वर्षांनी त्याच योजनेचे नाव बदलून नवी टिपणी लिहावी लागेल, याची तयारी संबंधितांनी ठेवावी.